तायडे सरांचा बोलता फोन

नामदेवराव तायडे सरांच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी मी लेख द्यावा, असं संपादक मंडळानं कळवलं त्याला दोन महिने होऊन गेले. तेव्हापासून हा लेख मी कितीदा सुरू केला आणि कितीदा पुसून टाकला, ते माझं मलाच ठाऊक. दोन ओळी झाल्या की उठतो, घरभर येरझाऱ्या घालतो, पाणी पितो, पुन्हा बसतो. बायको म्हणते, "लेख लिहून राहिले का घर मोजून राहिले?"

या अस्वस्थतेचं कारण आधीच सांगून टाकतो. सरांची त्याला परवानगी आहे. चौथ्या वर्षी देवीच्या आजारात सरांचे डोळे गेले. पुढचं सगळं आयुष्य ते कानांच्या भरवशावर जगले, शिकले, नोकरी केली, आणि निवृत्तीनंतर आमच्यासारख्या दृष्टी गेलेल्यांना मोबाईल शिकवला. आता ते कानच चालले आहेत. डावा गेला, उजवा जाण्याच्या बेतात आहे. अशा वेळी सत्कार, हारतुरे, ग्रंथ हे सगळं योग्यच. पण माझं मन तिथं लागत नाही.

सरांशी माझी पहिली ओळख झाली ती त्यांच्या आवाजाशी. अकोल्याच्या पाटबंधारे कचेरीत मी नुकताच लिपिक म्हणून लागलो होतो. पावसाळ्यात रोज सकाळी धरणांच्या पातळ्या अमरावतीच्या कचेरीला फोनवरून कळवायच्या, हे माझं काम. तिकडे टेलिफोन ऑपरेटर तायडे सर. दुसऱ्याच दिवशी मी नुसतं "हॅलो" म्हणालो, तर पलीकडून उत्तर आलं, "बोला अकोला. आज सर्दी झालेली दिसते." साहेबांची लाइन लागली नाही की सर म्हणत, "सांगा मले, मी देतो सांगून." मी आकडे सांगायचो आणि ते एकही न चुकता पुढं पोचायचे. या माणसापुढं मोठं रजिस्टर उघडं असणार, असंच मी धरून चाललो होतो. पुढं कामानिमित्त अमरावतीला गेलो तेव्हा पाहिलं. काळा चष्मा, इस्त्रीचा पांढरा शर्ट, आणि टेबलावर कागदाचा एक कपटा नाही. मी दारात थबकून पाहत राहिलो, तर सर म्हणाले, "या अकोला, बसा."

असं काही वर्षं चाललं. मग एका सकाळी आकडे सांगून झाल्यावर ते हळूच म्हणाले, "गजाननराव, एक विचारू का? राग मानू नका. पयले तुमी आकडे सरसर वाचत होते. आता दर आकड्याले थांबून राहिले. डोळे दाखवले का कोणाले?"

चष्म्याचा नंबर वाढलाय, असं काहीतरी सांगून मी फोन ठेवला. डोळ्याच्या पडद्याचा आजार, नजर कडेकडेनं आकसत जाणार, उपाय नाही, हे मला डॉक्टरांनी महिन्यापूर्वीच सांगितलं होतं. घरी कोणाला बोललो नव्हतो. ते पन्नास मैलांवर बसलेल्या, स्वतःला दिसत नसलेल्या माणसानं ओळखलं.

सर निवृत्त झाले तेव्हा मोबाईल नुकते बोलू लागले होते. पडद्यावर बोट ठेवलं की फोन तिथं काय आहे ते बोलून सांगतो, ही गोष्ट सरांना कळली आणि साठीच्या वयात त्यांनी ती कोणाच्याही मदतीशिवाय अंगवळणी पाडली. मग अमरावतीतल्या आपल्या घराच्या पुढच्या खोलीत त्यांनी रविवारचा वर्ग सुरू केला. चांदूर रेल्वेहून, परतवाड्याहून, बाळापूरहून माणसं येऊ लागली. मी अकोल्याहून गाडीनं बडनेऱ्याला उतरून जायचो. सर म्हणत, "याले फोन म्हणू नका. फोन मी तीस वर्सं हाताळला. हे दुसरंच काई हाये." आणि खरोखर ते दुसरंच होतं. कागदाचा फोटो काढला की फोन कागद वाचतो, औषधाच्या पाकिटावरची तारीख सांगतो, शर्टाचा रंग सांगतो, समोर जिना आहे की भिंत तेही आता सांगू लागला आहे. दर सहा महिन्यांनी त्याला नवीन काहीतरी येतं आणि दर सहा महिन्यांनी सर पुन्हा विद्यार्थी होतात.

त्यांची शिकवण्याची रीत खोलीत बसून शिकवण्याची नव्हतीच. परतवाड्याच्या शकुंतलाताईंना एकटीनं बसमधून जायची भीती वाटे. उतरायचं गाव निघून गेलं तर काय, ही धास्ती. सर त्यांच्याबरोबर तीन रविवार बसनं परतवाड्याला गेले. फोन वलगाव म्हणाला, आसेगाव म्हणाला, सर मुद्दाम काही सांगत नव्हते; कुठं आलो ते ताईंनी फोनवरूनच ओळखायचं. चौथ्या रविवारी ताई एकट्या आल्या आणि दारातूनच ओरडल्या, "सर, मी आली हो!" सरांनी काकूंना, म्हणजे आपल्या पत्नीला, सगळ्यांसाठी चहा टाकायला सांगितला.

चांगल्या अ‍ॅपचं ते तोंड भरून कौतुक करत, पण वाईटाला सोडत नसत. पेन्शनसाठी हयातीचा पुरावा द्यायचं एक अ‍ॅप होतं. ते चेहरा पाही आणि गोड आवाजात म्हणे, "कृपया डोळे मिचकावा." सरांचे दोन्ही डोळे काचेचे. अ‍ॅप पुन्हा म्हणे, डोळे मिचकावा. सर म्हणाले, "बाई, मी जित्ता हावो, हे मी तुले तोंडानं सांगून राहिलो ना!" आम्ही हसलो. सर मात्र त्याच दिवशी पत्र लिहायला बसले. वर्षभरात सहा पत्रं. उत्तर एकच, आपली सूचना नोंदवली आहे. मी चिडून फोन आपटायला निघालो होतो. सरांनी सातवं पत्र लिहिलं.

माझ्या स्वतःच्या बाबतीत सरांचे जे उपकार आहेत, ते सांगताना मला आजही घाम फुटतो. कचेरीत मी सात वर्षं नजर गेल्याचं लपवलं. फाइलीखाली मोबाईल, शर्टाच्या बाहीतून इअरफोनची वायर, असा कारभार. कागद आला की गुपचूप फोटो काढायचा आणि कानात ऐकायचा. सर दर रविवारी बजावत, साहेबांना सांगून टाका. मी दर रविवारी मान डोलवायचो. एकदा आढावा बैठक चालू असताना वायर खुर्चीच्या हाताला अडकून निसटली आणि भर सभेत फोन मोठ्यानं वाचू लागला, "तायडे सर यांचा संदेश. साहेबाले सांगितलं का नाई अजून? कवापर्यंत लपवून राहशीन?"

वीस माणसांनी ते ऐकलं. साहेबांनी विचारलं, "कोण तायडे सर? आणि काय लपवताय?"

मी उभा राहून सगळं सांगितलं. नोकरी गेली, असंच धरून सांगितलं. साहेब म्हणाले, "उद्या तो फोन घेऊन माझ्या खोलीत या. कागद कसा वाचतो ते मलाही पाहू द्या. आणि त्याला जरा हळू बोलायला सांगा." माझी नोकरी राहिली, काम तेवढं बदलून मिळालं. सरांना ही हकिकत सांगितली तेव्हा ते ठसका लागेपर्यंत हसले. म्हणाले, "तुह्यानं नाई झालं, त फोननं बोलून देल्लं!"

आता माझी चूक. गौरवलेखात ती कशाला, असं कोणी म्हणेल, पण तिच्याशिवाय हा लेख खोटा होईल. रविवारच्या वर्गाचा पहिला तास ब्रेलचा असे. ब्रेल म्हणजे सहा उठावदार ठिपक्यांची, बोटांनी वाचायची लिपी. सर लहानपणी शाळेत तीच शिकलेले. आमच्यापैकी बहुतेकांची नजर मोठेपणी गेलेली. बोटं जाड झालेली, ठिपके काही केल्या लागत नसत. एक दिवस मीच पुढाकार घेतला. म्हणालो, "सर, फोन सगळं वाचून देतो. हे ठिपके आता कोणाला हवेत? तो तासही मोबाईललाच द्या." सगळ्यांनी माझीच री ओढली. काकू तेवढ्या म्हणाल्या, "राहू द्या ना, काय खाऊन राहिलं ते तुमचं?" सरांनी आणखी दोन आठवडे तो तास घेतला. तिसऱ्या आठवड्यात तास बंद झाला. आपण वर्गाला पुढं नेलं, या समजुतीत मी बरेच दिवस खूश होतो.

मुरलेले लोक फोनचा आवाज फार वेगात ठेवतात. सरांचा वेग तर असा, की दुसऱ्याला नुसती फोडणी तडतडल्यासारखी ऐकू यावी. गेल्या वर्षी एका रविवारी मी चुकून माझा म्हणून त्यांचा फोन उचलला. फोन एकेक शब्द सुटा सुटा बोलत होता, अगदी पहिल्या दिवशीच्या विद्यार्थ्यासारखा. सर म्हणाले, "नवीन लोकायसाठी हळू केला." मी फोन परत दिला, पण गाडीत बसल्यावर जिवाला चैन पडेना. असलं खोटं मी सात वर्षं बोललो होतो; मला ते ओळखू येतं. पुढच्या रविवारी सरळ विचारलं, "सर, कान दाखवले का कोणाला?" सर पहिल्यांदाच माझ्यावर चिडले. "तू काय डॉक्टर हाये?" म्हणाले. मग मी निघताना म्हणाले, "आवाज येते गजानन. शब्द येत नाई."

यंदाच्या उन्हाळ्यात तापाचं निमित्त झालं आणि उजवा कानही जवळजवळ मिटला. सरांनी वर्ग बंद करतो म्हणून सांगितलं. प्रश्नच ऐकू येत नाही तर शिकवू काय, हे त्यांचं म्हणणं. आम्ही शिष्यांनी मिळून त्यांच्यासाठी मोबाईलला जोडायची ब्रेलची पट्टी आणली. आम्ही फोनपुढं बोलायचं, फोन ते लिहिणार, पट्टीवरच्या बारीक पिना वर येणार आणि सर बोटांनी वाचून उत्तर देणार. वर्ग पुन्हा सुरू झाला. मी त्या दिवशी मोबाईलच्या वाढत्या सामर्थ्यावर छोटं भाषणही ठोकलं.

दोनच रविवार गेले असतील. सकाळपासून लाइन, म्हणजे वीज, नव्हती, आणि भर वर्गात पट्टीचं चार्जिंग संपलं. सर बोलता बोलता थांबले. बोटं पट्टीवर फिरवली. म्हणाले, "काहून चुप झाले सारे?" आम्ही सगळे बोलत होतो. शकुंतलाताई त्यांच्या कानाशी जाऊन ओरडत होत्या. सर म्हणाले, "गजानन, हाये ना तू?" मी उठून, चाचपडत त्यांचा हात धरला आणि तळहातावर बोटानं लिहिलं, 'हो, मी'. पुन्हा लिहिलं, मोठं करून लिहिलं. सर म्हणाले, "ह्या काय रेघोट्या काढून राहिला? मी अक्षर कवा पायलं बाप्पा?"

मी तसाच उभा राहिलो. शाळेत गिरवलेली अक्षरं माझ्या हातात होती आणि सरांनी आयुष्यात ती कधी पाहिलेली नव्हती. त्यांची लिपी ठिपक्यांची, आणि ती मी शिकलो नव्हतो. इतकंच नाही, मी ती बंद पाडली होती. फोनमध्ये माझ्याजवळ चाळीस अ‍ॅप होती आणि शेजारी बसलेल्या माझ्या गुरूला 'मी इथं आहे' एवढं सांगायची सोय नव्हती. इतकी लाज मला भर बैठकीतही वाटली नव्हती.

स्वयंपाकघरातून काकू आल्या. त्यांनी सरांचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले. दोन हातांची तीन-तीन बोटं म्हणजे सहा ठिपके; त्या बोटांवर त्या भराभर टिचक्या मारत गेल्या. लग्नानंतर सरांनीच त्यांना ते शिकवलं होतं, हे आम्हाला तेव्हा कळलं. सरांचा चेहरा निवळल्याचं त्या दिवशी सोबत आलेल्या शकुंतलाताईंच्या डोळस मुलीनं आम्हाला सांगितलं. "लाइन गेली होय? मले वाटलं, तुमीच गेले," सर म्हणाले. काकू आम्हाला काही टाकून बोलल्या नाहीत. चहा ठेवते म्हणाल्या.

तेव्हापासून वर्गाचा पहिला तास पुन्हा ठिपक्यांचा झाला आहे. चोपन्नाव्या वर्षी मी त्यात सगळ्यात ढ आहे. सर माझं बोट धरून पुन्हा पुन्हा त्याच ओळीवर आणतात, रागावत नाहीत, फक्त म्हणतात, "घाई कायची हाये?" सर, घाई आहे. मला खूप घाई आहे, तेच तर या लेखात मी सांगतो आहे.

सत्काराच्या दिवशी मी व्यासपीठावर सरांच्या शेजारी बसणार आहे. वक्ते काय बोलतात ते त्यांच्या बोटांवर सांगायचं काम काकूंनी माझ्याकडे दिलं आहे. मोबाईल बंद ठेवणार आहे. वक्त्यांची चार वाक्यं होतील तेव्हा माझा एक शब्द होईल, त्यातही चुका होतील, हे मला ठाऊक आहे. तेव्हा शुभेच्छा काय द्यायच्या याचा मी सरळ हिशेब मांडला आहे. सर, तुम्ही माझ्यासाठी जे केलंत ते सगळं या वेगानं तुमच्या बोटांवर लिहायला मला आणखी पंचवीस वर्षं तरी लागतील. तेवढी वर्षं धडधाकट राहा, आणि हात माझ्या हातात असू द्या.