मागून लावलेलं इंजिन

या लेखात मी कुणाचंही नाव लिहिणार नाही. त्यामागे सभ्यता नाही. कारण शेवटी सांगेन.

आमच्या घरी पुस्तकं कमी आणि पत्रकं जास्त होती. बाबा कोलशेतच्या एका रासायनिक कारखान्यात कामाला होते आणि कामगारांची पत्रकं लिहायचे. गुलाबी, पिवळा, हिरवा, जो कागद स्वस्त मिळेल त्यावर ती ठाण्याच्या एका छापखान्यात छापून यायची. डोंबिवलीतल्या आमच्या दोन खोल्यांत पलंगाखाली त्यांचे गठ्ठे असायचे. मी अक्षरं त्यांच्यावरच शिकले. "बंधूंनो आणि भगिनींनो" हे मी वाचलेलं पहिलं वाक्य.

प्रत्येक पत्रकाच्या तळाशी बारीक टाइपात लेखकाचं, मुद्रकाचं आणि प्रकाशकाचं नाव असायचं. बाबांचा त्याबाबत हट्ट होता. ते म्हणायचे, "नाव न घालता पत्रक काढणं म्हणजे भिंतीआडून दगड मारणं. ज्याला मारायचा त्याला आपलं तोंड दिसलं पाहिजे." एका पत्रकाखालच्या त्या नावामुळेच त्यांची नोकरी गेली. साहेबानं विचारलं, हे तुम्हीच लिहिलं का? बाबा म्हणाले, खाली लिहिलंय की. पुढे ते एका लहान वर्कशॉपमध्ये लागले, पण त्या वाक्याचा पश्चात्ताप त्यांना झालेला मी कधी पाहिला नाही.

हे आधी सांगितलं, म्हणजे पुढे मी जे केलं ते एका लेखासाठी केलं असं कुणाला वाटायला नको.

नव्वदीच्या दशकाच्या शेवटी आमच्या शेजारच्या बिल्डिंगमधल्या काकू युरोपला जाऊन आल्या. काका बिल्डर होते, शीळफाट्याकडे त्यांच्या स्कीम चालू होत्या. काकू महिला मंडळाच्या अध्यक्ष, आणि आई त्याच मंडळात वाटली डाळ नि पन्हं करणाऱ्यांपैकी. काकूंची सहल ग्रुपबरोबरची होती: लंडन, पॅरिस, ब्रसेल्स, अॅम्स्टरडॅम. विशेष म्हणजे राजधानी ते राजधानी सगळा प्रवास त्या नव्या वेगवान गाड्यांनी. समुद्राखालच्या बोगद्यातून एका देशातून दुसऱ्या देशात, जेवण पचायच्या आत. परत आल्यावर एका दिवाळी अंकाच्या संपादकांनी त्यांच्याकडे प्रवासवर्णन मागितलं. काकूंनी मला बोलावलं.

"अगं, तू लिहितेस ना ते बाबांसारखं? मला फक्त जरा शब्दांत मांडून दे."

मी वही घेऊन बसले. खिडकीतून काय दिसलं, विचारलं.

"काही नाही गं. मला गाडी लागते ना, म्हणून उलटीची गोळी घेतलेली. बसले की झोपलेच."

"लंडन ते पॅरिस?"

"झोपलेले."

"पॅरिस ते ब्रसेल्स?"

"तेव्हा पण. पण गाडी हलत नाही हं अजिबात. आणि बाथरूम काय स्वच्छ! ते लिही."

चार राजधान्यांमधून काकूंनी एवढंच आणलं होतं. शिवाय फ्रेंचमधलं एक चकचकीत माहितीपत्रक, आणि माझ्यासाठी आयफेल टॉवरची किल्लीची साखळी.

मी लिहिलं. वाचनालयातून जुनी मासिकं काढली, शब्दकोश घेऊन ते माहितीपत्रक वाचलं, नकाशावर बोट फिरवत बसले. वेग कसा असतो ते मला ठाऊक नव्हतं, म्हणून मी वेगाबद्दल न लिहिता गाडीतल्या शांततेबद्दल लिहिलं. सीमा आली हे कुणालाच कळत नाही, फक्त खिडकीबाहेरच्या पाट्यांची भाषा बदलते, असं लिहिलं. आणि मग लेखाच्या मध्यभागी मी माझी स्वतःची एक गोष्ट घातली.

मी सात-आठ वर्षांची असताना आमची एसटी शीळफाट्याजवळ बंद पडली होती. भर दुपार होती. बाबांची नोकरी नुकतीच गेलेली, मी आईशेजारी. समोरच्या बाकावर एक कोळीण बसली होती, रिकामी पाटी पायाशी. तिनं मोसंबं सोललं, सालं खाली न टाकता मुठीत धरून ठेवली, आणि अर्धं मोसंबं काही न बोलता माझ्यापुढे धरलं. आई नको म्हणायच्या आत मी घेतलं. तिच्या हाताला सुक्या बोंबलांचा वास होता. मोसंब्यालाही तोच वास लागला होता, आणि तरी ते गोड होतं.

लेखात मी तिला बेल्जियममध्ये नेऊन बसवलं. मोसंब्याचं संत्रं केलं, पाटीची हॅंडबॅग केली. बोंबलांचा वास काढून टाकला. काढताना वाईट वाटलं, पण ब्रसेल्सच्या गाडीत तो कुठून आणणार?

अंक आला. वर काकूंचं नाव, शेजारी त्यांचा गॉगल लावलेला फोटो. आत, शेवटी, कुठेही मी नव्हते.

मी त्यांच्याकडे गेले. भांडायला नव्हते गेले. म्हटलं, "काकू, निदान 'शब्दांकन' म्हणून तरी माझं नाव टाकायला सांगायचं होतं."

काकू मनापासून हसल्या. "अगं वेडे, प्रवास कुणी केला?"

याला उत्तर मला घरी येऊन रात्रभर सुचत राहिलं. आई म्हणाली, "जाऊ दे गं. आपलं रोजचं येणं-जाणं आहे त्यांच्याकडे." बाबांनी अंक उघडला, लेख वाचला, आणि लेखाच्या तळाशी बोट ठेवलं. पत्रकात जिथे नाव असतं, बरोबर तिथे.

तो लेख गाजला. संत्रेवाली बाई विशेष गाजली. काकू हळदीकुंकवाला तिच्याबद्दल सांगायच्या, मंडळाच्या सहलीत सांगायच्या, आणि सांगताना त्यांचे डोळे खरोखर भरून यायचे. हे मला सहन होईना. शब्द घेतले तर घेतले, पण माझ्या शीळफाट्याच्या दुपारीवर या बाईनं रडायचं? हळूहळू मला दिसायला लागलं की काकू खोटं बोलत नाहीयेत. त्यांना ती बाई आठवते आहे. मी दिलेली आठवण त्यांनी गोळीच्या झोपेत नीट बसवून घेतली होती. तेव्हापासून मी वाट बघायला लागले.

संधी कल्याणहून आली. तिथल्या एका वाचनालयानं काकूंची प्रकट मुलाखत ठरवली. आमच्या भागात व्याख्यानमाला आणि प्रकट मुलाखती यांना तोटा नाही. एका बाजूला पाहुणा, दुसऱ्या बाजूला मुलाखत घेणारा, मध्ये हार घातलेली तसबीर, शेवटी शाल, श्रीफळ आणि आभार. काकूंनी चिटणिसांना सांगितलं, "मुलाखत आमच्याच शेजारच्या मुलीला घेऊ दे. घरच्यासारखं वाटेल." आणि मला सांगितलं, "प्रश्न तूच काढ. आणि उत्तरंही जरा लिहून दे, म्हणजे मी पाठ करते."

मी प्रश्न काढले, उत्तरंही लिहिली. इतकी सुंदर उत्तरं मी पुन्हा कधी लिहिली नाहीत.

हॉल भरलेला होता. कल्याण हे रेल्वेचं गाव. दर दोन घरांआड कुणीतरी रेल्वेत, आणि युरोपच्या गाड्यांवर कार्यक्रम म्हटल्यावर रेल्वे क्वार्टर्समधली माणसं सहकुटुंब आलेली. आई पुढे महिला मंडळाबरोबर बसलेली. बाबा शेवटच्या रांगेत, दाराजवळ.

काकूंनी पाठ छान केलं होतं. शांततेवर टाळ्या घेतल्या, पाट्यांच्या बदलत्या भाषेवर घेतल्या. संत्रेवाली आली तेव्हा पहिल्या रांगेत रुमाल निघाले. तिथे मी कागदावर नसलेला एक प्रश्न विचारला.

"तिच्या हाताला कसला वास होता हो, काकू?"

"संत्र्याचा. दुसरा कसला असणार?"

लोक हसले, टाळ्या पडल्या. तोवर माझ्या मनात थोडी धाकधूक होती. ती तिथे संपली. मी कागद उलटा करून ठेवला.

"काकू, बेल्जियम सोडून हॉलंडमध्ये शिरताना तो मोठा घाट लागतो. तिथे गाडीला मागून जादा इंजिन लावलं. ते लेखात आलं नाही. जरा सांगा ना."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना वाटलं, मी त्यांच्या पदरात आणखी एक रत्न टाकते आहे. मान डोलावून त्या म्हणाल्या, "हो तर! लावलं ना इंजिन. मागून."

"आपल्याकडे कसाऱ्याला लावतात तसंच?"

"अगदी तस्संच! पण काय सांगू, धक्का म्हणून नाही. आणि इतकं स्वच्छ इंजिन!"

मधल्या रांगांतून हसू आलं. कसाऱ्याचा घाट चढायला गाडीला मागून ढकलणारं इंजिन लागतं, हे कल्याणच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. काकूंना ते हसू दाद वाटलं. त्या पुढे सरसावून बसल्या.

"इंजिन लावेपर्यंत गाडी थांबलेली असेल?"

"थांबलेली ना. आम्ही सगळे खाली उतरलेलो."

"खायला काही मिळालं?"

"मिळालं की! ते आपलं… वड्यासारखंच असतं त्यांचं काहीतरी. गरमागरम. खिडकीशी घेऊन येतात."

हॉल फुटला. मागून कुणीतरी ओरडलं, "चटणी सुकी होती का ओली?" दुसरा म्हणाला, "वहिनी, झोपेत कसाऱ्यालाच उतरलात काय?" भूगोलाचे एक निवृत्त मास्तर उभे राहिले आणि हात जोडून म्हणाले, "ताई, क्षमा करा, पण हॉलंडमध्ये घाट कुठला? तिथली कितीतरी जमीन समुद्राच्या पातळीखाली आहे. इंजिन काय समुद्रातून ढकलायला लावलं?"

काकूंचा चेहरा उतरताना मी अगदी जवळून पाहिला. चार फुटांवरून. नजर वळवावी असं मला वाटलं नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, उलटा ठेवलेला कागद पाहिला, आणि त्यांना सगळं कळलं.

त्यांनी माइक हातात घेतला.

"मला काय विचारता? मी कुठं काय लिहिलंय? सगळं हिनं लिहिलंय! तो लेख, ही उत्तरं, ती संत्रेवाली, सगळं! मी तर गोळी घेऊन झोपलेले!" आणि मग बोट माझ्याकडे करून त्यांनी माझं नाव घेतलं. माझं, मग वडिलांचं, मग आडनाव. पूर्ण, मोठ्यानं, माइकवरून. पोलिसात तक्रार द्यावी तसं.

चिटणीस शाल आणि नारळ हातात धरून उभे होते, आणि आता ते कुणाला द्यायचे हे त्यांना कळेना. शेवटी त्यांनी ते टेबलावर ठेवून दिले आणि घाईघाईनं आभार मानले.

मी उठले, माइकजवळ गेले आणि म्हणाले, "हो. मीच लिहिलंय." एवढंच. बाबांच्या साहेबाला मिळालं होतं साधारण तेवढंच उत्तर.

रिक्षात आई रडत होती. "आता त्यांच्या दारात कुठल्या तोंडानं जाऊ मी? एवढं करायचं असतं का गं माणसाचं? सगळ्यांसमोर?"

मी म्हटलं, "अंकही सगळ्यांसमोरच आला होता."

"तू अगदी तुझ्या बापावर गेलीस," आई म्हणाली. तिला ती शिवी वाटत होती.

बाबा पुढे ड्रायव्हरशेजारी अर्धे बाहेर बसले होते. पत्री पूल ओलांडल्यावर मागे न वळताच म्हणाले, "नाव बरोबर घेतलं तिनं. वडिलांच्या नावासकट." थोड्या वेळानं आणखी म्हणाले, "लेखक छापून आला. मुद्रक आणि प्रकाशक तेवढे राहिले."

आईसुद्धा डोळे पुसता पुसता हसली.

काकू नंतर माझ्याशी कधी बोलल्या नाहीत. मंडळात आईला पन्हं करायला कुणी बोलावलं नाही, आणि त्याचं मला आईसाठी वाईट वाटलं, काकूंसाठी नाही. बऱ्याच लोकांनी मला सुचवलं की आता एवढ्या वर्षांनी मी मोठ्या मनानं क्षमा करावी. मी मन तपासून पाहिलं. तिथे क्षमा नाही. शीळफाट्याची दुपार आहे, बंद पडलेली एसटी आहे, बोंबलांच्या वासाचं मोसंबं आहे, आणि ते सगळं आता माझ्या नावावर आहे.

आणि नाव न लिहिण्याचं कारण. इथे कुणाचंच नाव नाही, कारण एक नाव गाळायचं तर बाकीचीही गाळावी लागतात. काकूंना आजही त्यांच्या प्रवासाबद्दल कुणी लिहिलेलं वाचायला आवडेल. त्यांनी हे वाचावं, प्रत्येक ओळीत स्वतःला ओळखावं, आणि शेवटपर्यंत शोधूनही त्यांना आपलं नाव कुठे सापडू नये.