गेमच्या जत्रेत त्राटिका

...नाय, ते खोडू नको, हर्षाली. आजी बोलली तसंच राहू दे. आन् वाचणाऱ्याला आधी ठाव तर पाहिजे बहिरू कोण. तुझा बहिरूकाका म्हणजे माझ्या थोरल्या भावाचा पोरगा, मी त्याची सख्खी आत्या, असं लिही.

आमचं माहेर त्र्यंबकच्या पल्याड, डोंगरात. तिथं चैत्रात बोहाडा असतो. कागदाच्या लगद्याची मोठाली तोंडं बांधून माणसं देवादैत्यांची सोंगं नाचवतात. संबळ वाजतो, सोंग मांडवात येतं, लोक पाया पडतात. आमच्या गावात ज्याचं सोंग त्याच्याच घरानं नाचवायचं. रावण एका घरचा, गणपती दुसऱ्या घरचा, त्राटिका आमची. माझा बाप नाचला, भाऊ नाचला, मंग बहिरू. आन् रीत अशी की घरच्या आत्यानं पहिल्यांदा तोंडाला कुंकू लावायचं. एकदा कुंकू लागलं की आत जो असंल त्याचाच मान, त्याचे पाय नाचतात तोवर. मागं घेता येत नाय. बहिरूला मीच लावलेलं. मिसरूडसुद्धा फुटलं नव्हतं त्याला.

बहिरू नाशकात अंबडला कारखान्याच्या शेडमध्ये लोखंडाला रंग मारतो. हात असा की डोळे मिटून रेघ सरळ काढंल. तोंडंही तोच करायचा. कागद भिजवायचा, कुटायचा, मेथीचं पीठ आन् डिंक घालून मळायचा, मंग भावाच्या मातीच्या साच्यावर थापायचा. घरात जेवायला बसलं की भाजीला मेथीचा वास का हाताला, कळायचं नाय.

मंग यंदा चैत्र सरला आन् पेठ रोडला त्याची गाडी घसरली आन् गुडघा गेला. चालतो, पण त्राटिका काही चालत नसते. ती टाचेवर येते, कमरेत मोडते, गर्रकन फिरून मागं जाते. ते संपलं. आन् पोरगा नाय त्याला, एकटी स्नेहल. पोरीबाळींनी सोंग घ्यायचं नाय, ही पण रीतच. गावात कुठलं सोंग कुणी नाचवायचं ते भिकन सांगतो. संबळ त्याचा, त्याच्या वाजवण्याबिगर सोंग मांडवात पाऊल टाकत नाय. भिकननं निरोप धाडला, येत्या चैत्रात त्राटिका गावातल्या नवनाथच्या घराला देतो. बहिरूनं भिंतीवरचं तोंड काढलं, बायकोच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलं आन् माळ्यावर टाकलं. मी तिथंच बसलेली. घरातून मयत उचलल्यावानी झालं मला.

आता तू म्हणशील यात गेम कुठून आली. येते, थांब, जरा मागं जाऊ.

मोबाइलवर ती राक्षसांच्या जंगलाची गेम हाय ना, स्नेहल आन् तिच्या कारखान्यातली पोरं खेळायची ती. करोना सरला तेव्हा त्यांनी ठरवलं, रोज फोनवर बोलतो, एकदा तोंडं तरी बघू. बहिरूच्या शेडशेजारी एक पत्र्याचं गोडाऊन रिकामं व्हतं, तिथं जमली. मी डबा घेऊन गेले तर सगळी माना खाली घालून बसलेली, कुणी कुणाशी बोलंना. मला वाटलं कुणाचं तरी बरंवाईट झालं. मी पदर डोक्यावर घेऊन एका पोराच्या पाठीवरून हात फिरवला, म्हणलं, लेकरा, कोण गेलं? तो म्हणला, "मीच गेलो, आजी. आत्ताच मारलं मला." आन् मोबाइल दाखवला.

गेमवाल्या पोरांच्या जत्रेची सुरुवात ती अशी. पुढच्या साली राक्षसाचं डोकं पाहिजे म्हणून त्यांनी कुठून तरी मागवलं, ते आलं चेपून. बहिरू हसला. म्हणला, याला डोकं म्हणतात व्हय. आन् आठवड्यात असं करून दिलं की पोरं त्याच्याबरोबर फोटो काढायला उभी. तिथून दर साली डोकी वाढली, माणसं वाढली. मुंबई, पुणे, पार इंदूरची पोरं यायला लागली. गोडाऊन पुरंना, मंग गंगापूर रोडचं लॉन्स घेतलं. लग्नाचं लॉन्स मिळतं का यांना? मिळतं. पितृपक्षात. तेव्हा लग्नं नसतात, लॉन्स ओस पडलेली, मालक देतो बापडा स्वस्तात. मला हे कळलं तेव्हा मी कपाळाला हात लावला. पितरांच्या पंधरवड्यात घराघरात कावळ्याला घास, आन् इथं राक्षसांची तोंडं घालून दिवसाढवळ्या नाच.

यंदा स्नेहल मागंच लागली, आत्याआजी, एकदा येऊन तर बघ. गेले. वणीच्या गडावरची कुंकवाची पुडी माझ्या पिशवीत असतेच, तशी तेव्हाही व्हती. दारातच धक्का. गेममधल्या एकाच राणीचं सोंग धा-बारा जणींनी घेतलेलं. एक राणी वडा खाते, एक राणी मोबाइल चार्जिंगला लावते, आन् भांडण नाय, उलट एकमेकींच्या गळ्यात पडतात. आमच्याकडं दुसऱ्यानं रावण घेतला तर डोकी फुटतील. मी एकाला इचारलं, बाबा, हे सोंग कुठल्या घरचं? तो म्हणला ऑनलाइन मागवलं.

मांडवाच्या कडेला भिकन संबळ घेऊन बसलेला. मी दचकले. बहिरूनंच बोलावलेलं त्याला. गेममधल्या मोठ्या राक्षशिणीला वाजतगाजत आणायचं व्हतं आन् त्या पोरांना खरा संबळ पाहिजे व्हता. भिकन आधी नायच म्हणत व्हता, पंधरवड्यात संबळाला हात लावत नाय म्हणून. बहिरू म्हणला, हे देवाचं थोडंच हाय, गेमचं हाय. मंग आला. बसल्या बसल्या मला म्हणला, त्राटिकेचं वाईट नको वाटून घेऊ, भागुबाई, नवनाथचं पोरगं चांगलं हाय. मी मान हलवली.

आन् मंग ती राक्षशीण आली. निळी, शिंगं फुटलेली, जीभ बाहेर. भिकन आपलं असंच काहीतरी वाजवत व्हता, वरातीसारखं. ती मांडवाच्या तोंडाशी थांबली. टाचेवर आली. कमरेत मोडली. गर्रकन फिरली आन् मागं गेली. मी भिकनकडं बघितलं तर त्याचा हात आपोआप त्राटिकेच्या चालीवर गेलेला. त्याला पण कळलं नसंल कधी गेला ते. निळ्या रंगाखाली मी तोंड बघितलं. ते नाक, ते गाल. माझ्या भावाच्या साच्यावरचं तोंड, हर्षाली. बहिरूनं तोंड माळ्यावर टाकलं, पण साचा टाकवला नाय त्याच्यानं. त्याच्यावरच ही राक्षशीण थापली.

सोंग माझ्यासमोर येऊन वाकलं. भिकन संबळ वाजवता वाजवता खाली झुकला, तिच्या पायाला हात लावून कपाळाला लावला. आन् माझा हात पिशवीत गेला. इचार केला असं म्हणू नको, काही केला नाय. भाऊ पहिल्यांदा नाचला तेव्हा आमच्या आत्याला लावताना बघितलं, बहिरूला मी लावलं. तसंच त्या शिंगांच्या मधोमध कुंकवाचं बोट टेकवलं. पोरं टाळ्या वाजवायला लागली, त्यांना वाटलं हा कार्यक्रमातलाच भाग.

मंग तिनं डोकं काढलं. आत स्नेहल.

संबळ बंद पडला. बहिरू लंगडत पुढं आला, तोंड पांढरंफटक. त्याला पण ठाव नव्हतं. त्याला वाटत व्हतं आत कारखान्यातला समर्थ नावाचा पोरगा हाय.

"आत्या," तो म्हणला, "काय केलंस गं हे?"

स्नेहल घामानं निथळत व्हती. ती म्हणली, "पप्पा, मी मान मागायला नव्हते आले. मला फक्त एकदा नाचायचं होतं, सोंग नवनाथकाकांकडं जायच्या आधी." लहानपणी बाप घरात पावलं घोटायचा, ही त्याच्या मागं भिंतीशी उभी राहायची. आम्ही समजायचो पोर खेळते.

भिकन संबळाच्या दोऱ्या आवळत म्हणला, पंधरवड्यातलं कुंकू मी धरत नाय. मी इचारलं, मंग पंधरवड्यात वाजवलंस कसं?

"ते गेमसाठी वाजवलं."

"आन् पाया पडलास तो? तो कुणाच्या पडलास, भिकन?"

त्यानं संबळ खांद्यावर टाकला आन् चहा न घेता एसटीला गेला. हो म्हणला नाय, नाय पण म्हणला नाय.

त्याला आता किती महिने झाले. आमच्याकडून गेलेला फोन तो उचलत नाय. तोंड अजून आमच्याकडंच हाय, आन् नवनाथच्या घरानं ते मागायला माणूसही धाडला नाय. गावात कुजबूज हाय, बाईमाणूस सोंगात, असं कसं. मला पण रात रात वाटतं, असं कसं. माझंच बोट, आन् मलाच खरं वाटंना. पण त्या दिवशी पुढ्यात जी आली ती त्राटिकाच व्हती, हे मी देवासमोर सांगंन. माझ्या भावाच्या पायात नव्हती तेवढी तिच्या टाचेत व्हती. आन् लागलेलं कुंकू मागं घेता येत नाय, ही रीत काही मी केलेली नाय.

परवा बहिरू माळ्यावर चढला. दुखऱ्या गुडघ्यानं, शिडी धरायला मी. लुगडं सोडलं, तोंड पुसलं, पुन्हा भिंतीवर लावलं. स्नेहलला म्हणला, तोंडाचा पट्टा तुझ्या मापाचा करायला लागंल. एवढंच.

तर जो कुणी हे वाचत असंल, त्याचं त्र्यंबकच्या पल्याड जाणं झालं, तर बाबा, वाट वाकडी कर आन् भिकन संबळवाल्याला माझा निरोप दे. म्हणावं, भागुबाईनं सांगितलंय, कुंकू पुसलेलं नाय. चैत्रात संबळ तापवून ठेव. त्राटिका येते हाय.