दुहेरी काचेची खिडकी

घरात त्या खिडक्या बसल्यापासून मी नवऱ्याशी धड बोललेले नाही, असं म्हटलं की आमच्या मुली हसतात. त्यांना वाटतं, आई तिखटमीठ लावून सांगते. भाजी काय करू, गोळी घेतली का, एवढंच बोलणं उरलंय आमच्यात. त्याला खिडक्याच कारण आहेत, आणि खिडक्या त्याने बसवल्या.

वेगळं राज्य होणार की नाही, या ओढाताणीची ती वर्षं. आमचं घर विद्यानगरात, विद्यापीठाच्या जवळ. मोर्चा निघाला की आमच्याच रस्त्याने जायचा. ढोल, भोंगे, घोषणा आणि मागून पोलिसांच्या गाड्या. अश्रुधुराचा वास कधी कधी थेट फोडणीत यायचा. नवरा सरकारी कचेरीत. कचेरीची वाटणी झाली तर आपल्याला कुठे टाकतील, या धास्तीने तो आधीच चिडचिडा झाला होता आणि सगळा राग त्या आवाजावर काढायचा. आम्ही मराठी लोक, पण पिढ्यानपिढ्या हैदराबादचे. आपण ना इकडचे ना तिकडचे, आपल्याला कशाला हा ताप, हे त्याचं रोजचं पालुपद होतं.

घर कोपऱ्यावरचं. दर्शनी भाग रस्त्यावर आणि स्वयंपाकघर गल्लीत. गल्लीपलीकडे, माझ्या स्वयंपाकघराच्या अगदी समोर, गुंटूरकडच्या एका बाईचं स्वयंपाकघर होतं. ती मला अक्का म्हणायची. तिची तेलुगू, माझी मराठी, दोन्हींच्या मध्ये दखनी, असं आमचं संभाषण खिडकीतून खिडकीत वर्षानुवर्षं चाललं. पुढे पुढे ती बरी मराठी बोलायला लागली. आमच्या दाराला बेल होती, पण तिने ती कधी वाजवली नाही. बेल परक्यांनी वाजवायची. घरच्यासारख्या माणसाने हाक मारायची, ही आमच्या गल्लीची रीतच होती.

मोर्चातल्या घोषणांमध्ये तिच्याकडच्या, गुंटूर-विजयवाड्याच्या लोकांनी आपल्या भागात परत जावं, असं असायचं. तिचा नवरा हबकला होता. बिऱ्हाड विजयवाड्याला हलवू म्हणायचा. तिला अजिबात जायचं नव्हतं. लग्न होऊन ती याच गल्लीत आली होती, पोरं इथलीच. एकदा चिंच निवडता निवडता ती खिडकीतून म्हणाली, "ते तुमचं ऐकतात, अक्का. त्यांनी जायचं पक्कं केलं की मी हाक मारीन. तुम्ही या आणि त्यांना रागवा." मी म्हटलं, येईन, आणि चांगलं झाडीन त्यांना. तो माणूस खरंच माझं ऐकायचा. मोठ्या बहिणीसारखा मान द्यायचा.

आणि मग आमच्या घरात साउंडप्रूफ खिडक्यांचा माणूस आला. बोलायला इतका गोड की मला पहिल्या वाक्यालाच त्याचा राग आला. दोन काचा, मध्ये पोकळी, कडेने रबर. "अम्मा, बाहर बम फूटा तो बी मालूम नईं पडता," म्हणाला. मी म्हटलं, बाकीचं घर बंद करा हवं तसं, स्वयंपाकघराची खिडकी तेवढी सोडा. तर म्हणे, एक जरी सोडली तरी बाकीच्यांवरचा पैसा पाण्यात. नवऱ्याला तेच हवं होतं. स्वयंपाकघरात त्यांनी दुधी काच बसवली, तीही चौकटीत पक्की, उघडायची सोयच नाही. वर, परदेदारी बी हो जाती, म्हणजे आडोसाही होतो, हे मला ऐकवलं. भिंतीला कान असतात म्हणतात. आमच्या भिंतींचे होते तेवढे कान त्या दोघांनी मिळून बुजवले.

मी समोर जाऊन तिला सांगितलं, बाई गं, आता बेल वाजवत जा. ती हसली, पण तिला लागलं असावं. त्यानंतर बोलणं झालं ते फाटकाशी, उभ्या उभ्या. घरात मात्र इतकी शांतता की भात शिजण्याचा आवाज नकोसा व्हायला लागला. नवरा खूश. मोर्चा जात असताना पडदा सारून बघायचा, माणसांची तोंडं नुसती हलताना दिसली की त्याला मजा वाटायची. मला ते बघून शिसारी यायची.

एका सकाळी तो बाहेर झाडांना पाणी घालून आत आला आणि म्हणाला, समोरची येऊन गेली, येते म्हणाली. मी चहाचं आधण ठेवलं. ती आली नाही. काम पडलं असेल म्हणून मी पोळ्या उरकल्या, दळण निवडलं. दुपारी कचरा टाकायला दार उघडलं, तर समोरच्या घराला कुलूप. गल्लीत सुतळीचे तुकडे आणि फाटके खोके पडलेले.

आपल्यात निघताना कुणी जाते म्हणत नाही, येते म्हणतात. हे तिने माझ्याकडूनच उचललं होतं. ती निरोप घ्यायला आली होती आणि माझ्या मराठी नवऱ्याने तो निरोप चहाला येण्याचा करून मला आणून दिला. मी विचारलं, ट्रक दिसला नाही का तुम्हाला? दिसला, म्हणाला. माणसं सामान चढवत होती तेही दिसलं. "मग सांगितलं का नाही?" तर म्हणाला, "तू जाऊन मध्ये पडली असतीस. त्यांच्या घरचं त्यांनी बघावं." म्हणजे त्याला निरोप कळला होता. त्या दिवशी मी त्याला जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही, आणि त्यातला एकही शब्द मी अजून मागे घेतलेला नाही. महिनाभराने त्याने विचारलं, स्वयंपाकघराची काच काढून घेऊ का? बैल गेला आणि झोपा केला.

तिने फोन केला तो बऱ्याच दिवसांनी, विजयवाड्याहून. मी तिच्यावरही उखडले होते. बेलवर बोट ठेवायला काय झालं होतं, विचारलं. ती म्हणाली, ठरल्याप्रमाणे खिडकीतून हाक मारली. एकदा नाही, घसा बसेपर्यंत मारली. मग फाटकाशी येऊन तुमच्या यजमानांना येते म्हटलं. तिचा नवरा मागे उभा होता. अक्का आल्या तर थांबू, असं तो स्वतः म्हणाला होता. मी तिला पुन्हा सगळं सांगितलं, दोन काचा, रबर, मोर्चाचा गोंगाट, नवऱ्याचं डोकं. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"पण अक्का," ती म्हणाली, "घोषणा तर आमच्या नावाच्या होत्या. आम्ही खिडक्या उघड्या ठेवून ऐकल्या. तुम्हाला तर कुणी काहीच म्हणत नव्हतं."