माझ्या नावावर लिहिलेली धावपट्टी

उत्तम गेल्याची बातमी मला मानवतच्या स्टँडवर कळली. पाथरीच्या गाडीतून आमच्या शाळेचे शिपाई उतरले आणि म्हणाले, “सर, गणिताचे सर गेले. सकाळी परभणीला, दवाखान्यात. कावीळ लय वाढली होती.” मी तिथल्या बाकावर बसलो. वीस वर्षं एका स्टाफरूममध्ये शेजारच्या खुर्चीवर बसलेला माणूस… पण खरं लिहायचं ठरवलंच आहे तर हेही लिहितो. त्या बाकावर बसल्या बसल्या माझ्या मनात आलं, की याच्या शोकसभेला वैमानिक येतील. माझ्या सभेला शाळेचा स्टाफ येईल, आणि तोही घड्याळ बघत बसेल. असा मी. उत्तमवर माझा जीव होता आणि त्याला पाहून माझ्या पोटात दुखायचं, ही दोन्ही वाक्यं खरी आहेत.

मुळात तो वैमानिक, ज्याला सगळे कॅप्टन म्हणत, आला होता माझ्याकडे, हे आधी नीट सांगू द्या. त्या काळात कापसावर विमानानं फवारणी व्हायची. त्यासाठी जागोजागी मुरूम दाबून लहान धावपट्ट्या केल्या होत्या आणि हंगामभर वैमानिक एका पट्टीवरून दुसरीवर उडत असत. या पट्ट्या कुठल्याच छापील नकाशात नव्हत्या. कुठली केवढी, कुठं बाभळी आहेत, कुठं लोक ज्वारी वाळत घालतात, हे सगळं कॅप्टन चिठ्ठ्यांवर लिहून मांडीवर ठेवायचा आणि त्या वाऱ्यानं उडून जायच्या. म्हणून तो भूगोलाच्या सरांचा पत्ता विचारत शाळेत आला. मी नकाशांचं कपाट उघडलं, काठी घेतली, अर्धा तास बोललो. मग त्यानं खिशातून एक यंत्र काढलं. चष्म्याच्या घरापेक्षा थोडं मोठं, बारीक बटणं, आणि वर जेमतेम एक ओळ मावेल एवढा पडदा. परदेशातून आणलेला खिशातला संगणक. “इसमें ये सब आ सकता है क्या?” त्यानं विचारलं. मी ते हातात घेतलं आणि बटण दाबायला घाबरलो. मागं उत्तम उभा होता. तो म्हणाला, “चार दिवस ठेवता का माझ्यापाशी?”

चौथ्या दिवशी यंत्र बोलायला लागलं. कुठून निघालात, कुठं जायचंय आणि वारा कसा आहे, एवढं सांगितलं की ते दिशा दाखवायचं, किती मिनिटं लागतील आणि तेल किती जळेल ते दाखवायचं. दुसरं बटण दाबलं की पट्टीची माहिती. यंत्रात जागा इतकी थोडी, की एका पट्टीला एकच ओळ मिळायची. लांबी पावलांत, जमीन कठीण की भुसभुशीत, वाटेत काय आडवं येतं, आणि शेवटी दोन अक्षरं. ती दोन अक्षरं, ज्यानं पट्टी स्वतः चालून पाहिली त्याच्या नावाची. याबाबतीत उत्तम फार कडक होता. ऐकीव माहिती तो घेत नसे. दर रविवारी एसटीनं निघायचा, टोपी घालून पट्टी चालायचा आणि संध्याकाळी परत यायचा. कॅप्टननं त्यातलं सगळं दुसऱ्या वैमानिकांच्या यंत्रांत उतरवून दिलं, त्यांनी आणखी कुणाला दिलं. परजिल्ह्यातले वैमानिक शाळेत येऊन “उत्तमसाब कौन?” असं विचारू लागले. मी सही करत असलो तरी वर न पाहता बोट दाखवायचो.

एकदा कॅप्टननं दोन जणांचं विमान आणलं आणि उत्तमला वर नेलं. माझा नववीचा तास चालू होता, गोदावरीचं खोरं. आवाज आला तसा अख्खा वर्ग पटांगणात पळाला. मी खडू घेऊन फळ्याशी उभा राहिलो आणि रिकाम्या बाकांसमोर पूर्णा नदी काढली. जन्मभर मी पोरांना जमीन वरून कशी दिसते ते शिकवलं आणि वरून पाहिली त्यानं. खाली आल्यावर तो धावत माझ्याकडंच आला. म्हणाला, “सर, तुमी काढता ना, अगदी तशीच दिसती नदी!” मी म्हणालो, “असंल.” त्याच्या चेहऱ्यावरचा आनंद मला बघवत नव्हता.

आता पालमकडच्या पट्टीची गोष्ट, जिच्यासाठी हा सगळा खटाटोप. नामांतराच्या दंगलीत त्या बाजूला घरं जळाली होती, आणि पुढं कैक वर्षं तिकडं अनोळखी माणसाला आधी आडनाव विचारलं जाई. उत्तमचं घर छप्पन सालापासून बौद्ध. तो मला मधल्या सुट्टीत बाजूला घेऊन म्हणाला, “सर, ही एक तुमी करा. तिकडं तुमचे सोयरे हायेत, तुमाला कुणी काय म्हणायचं न्हाई. मी गेलो तर लोक पट्टीवर उभं राहू देतील का, सांगता येत न्हाई.” इतक्या वर्षांत त्यानं मला मागितलेली ही एकच गोष्ट. मी हो म्हणालो. आणि गेलो नाही. का गेलो नाही? मला ऊन बाधतं म्हणून नाही. त्याच्या यंत्रात भर घालायला मी का पायपीट करू, एवढाच विचार होता. बाजारात त्या बाजूचा एक पाहुणा भेटला, त्याला विचारून घेतलं आणि सोमवारी उत्तमच्या हातात चिठ्ठी ठेवली. सातशे पावलं, जमीन कठीण, आडवं काही नाही.

त्यानं चिठ्ठी वाचली. “मुरूम लाल हाय का पांढरा, सर?” मी म्हणालो, “लाल.” त्यानं माझ्या चपलांकडं पाहिलं, चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली आणि तासाला गेला. पुन्हा कधी त्या पट्टीचा विषय त्यानं काढला नाही, आणि मला दुसरी पट्टीही सांगितली नाही. त्याचा मला राग यायचा. म्हणायचो, बघा, मोठा झाला, आता आम्हाला विचारत नाही.

शोकसभेला कॅप्टन आला. केस पिकलेले, डोळे लाल. सभा संपल्यावर त्यानं माझा हात दोन्ही हातांत धरला. म्हणाला, “पालमवाली वो तार आपने लिखी थी, सर। उस शाम सूरज सामने था, तार दिखी ही नहीं। मशीन में लिखा था, इसलिए मैं ऊँचा निकल गया।” मला काही कळेना. त्यानं खिशातून ते जुनं यंत्र काढलं आणि दोन बटणं दाबली. ओळ आली. पाचशे चाळीस पावलं. भुसभुशीत. पूर्वेच्या टोकाला विजेची तार. आणि शेवटी माझ्या नावाची दोन अक्षरं.

म्हणजे तो गेला होता. माझी चिठ्ठी खोटी आहे हे ओळखून एकटा गेला, खरी माहिती आणली आणि तिच्यावर माझं नाव घातलं. स्वतःच्या अक्षरांसाठी इतका कडक असलेला माणूस त्या एकाच ओळीत खोटं लिहून गेला. त्यानं मला झाकलं, की जन्माची अद्दल घडवली? मी कॅप्टनला म्हणायला हवं होतं, की तार उत्तमनं पाहिली. वैमानिक माझा हात धरून रडत होता आणि मला, लाज वाटते लिहायला, ते आवडत होतं. त्या दिवशी जे बोललो नाही ते इथं लिहितो. ती ओळ उत्तमची आहे. माझी चिठ्ठी खरी मानली असती तर कॅप्टन त्या तारेवर गेला असता.

मागच्या रविवारी मी त्या पट्टीवर गेलो. पहिल्यांदा. आता तिथं फवारणी होत नाही, पट्टीवर गवत माजलंय. पूर्वेला तार तशीच आहे. कडेनं ठरावीक अंतरावर तीन-तीन दगड रचलेले दिसत होते. मी ते पाहत उभा असताना शेजारच्या शेतातले एक म्हातारे जवळ आले. नाव विचारलं, गाव विचारलं, आडनाव विचारलं. मी सांगितलं तसं त्यांनी आखाड्यावरच्या झोपडीकडं हाक मारून पाण्याचा तांब्या मागवला. ऊन मी म्हणत होतं. मी तांब्या तोंडाला लावला. मग विचारलं, हे दगड कुणी रचले?

“एक मास्तर आले होते, तुमच्याच गावच्या शाळेचे,” म्हातारे म्हणाले. “लय वर्षं झाली. शंभर पावलं झाली की दगड ठिवायचे. एकदा मोजलं, मग परत मोजलं. बारा वाजल्याचं ऊन, सावली न्हाई कुठं. आमी बांधावरनं बघत होतो. आडनाव विचारलं, तर त्यांनी सरळ सांगितलं. तवा गाव तापलेलं होतं… पाणी मागितलं त्यांनी. आमी दिलं न्हाई. कसे हायेत आता ते?”

तांब्या माझ्या हातात होता. निम्मा मी प्यायलो होतो.