स्वस्त भाड्याचा गाळा

सल्ला द्यायला मला आवडतं, आणि तो बहुतेक वेळा बरोबरही असतो. डोंबिवलीच्या एमआयडीसीत पुठ्ठ्याचे खोके बनवणारा कारखाना मी वीसेक वर्षं चालवला. ऑर्डरी आटल्या तेव्हा एकाही कामगाराला घरी पाठवलं नाही. मोठं गोडाऊन सोडलं, सगळं सामान मागच्या शेडमध्ये कोंबलं आणि आम्ही तगलो. तेव्हापासून माझं एकच पालुपद: वाईट दिवस आले की आधी भाडं कमी करा, माणसं कमी करायचा विचार अगदी शेवटी. आता मी ठाण्याला निवृत्त आयुष्य जगते, होतकरू मुलामुलींच्या धंद्यांत थोडेफार पैसे गुंतवते, आणि हे पालुपद वर फुकट देते.

त्यातलीच एक कल्याणची मुलगी. तिच्या भाषेत तो स्टार्टअप, माझ्या भाषेत मोबाइलवर ऑर्डर घेणारं पोळीभाजी केंद्र. बारा बायका पोळ्या लाटायच्या आणि ही त्या ऑफिसांच्या कँटीनमध्ये पोचवायची. सगळ्यांत मोठं कँटीन हातचं गेलं तेव्हा ती रडकुंडीला येऊन माझ्याकडे आली. मी म्हटलं, रडतेस काय, कल्याणचा गाळा सोड, चार स्टेशनं अलीकडे दिव्याला जा. एका रविवारी मीच तिथला गाळा पाहिला, निम्मं भाडं ऐकलं आणि दहा मिनिटांत पसंत केला.

पुढे दर महिन्याला ती माझ्या घरी यायची. कसं चाललंय विचारलं की एकच उत्तर, सगळं ठीक आहे मॅडम. चौथ्या महिन्यात तिचा फोन आला. महिनाअखेरीला बंद करतेय, बायकांना सांगून झालंय. माझा पारा चढला. चपला घातल्या आणि तडक दिवा गाठलं.

गाळ्यात भिंतीलगत पाच-पाच लिटरचे बारा कॅन ओळीने मांडलेले होते. प्रत्येकाच्या कडीला वेगळ्या रंगाची चिंधी. नळाला एक दिवसाआड करंगळीएवढी धार यायची, आणि टँकर यायचा दुपारी, कँटीनची जेवणं उरकल्यावर. म्हणून या बायका रोज सकाळी कल्याणहून आपापल्या घरचं पाणी आणून कणीक मळत होत्या. दोघींचे खांदे धरले होते. पोळ्या उशिरा पोचत होत्या आणि दुसरं कँटीनही कुरकुर करायला लागलं होतं.

तीन महिने माझ्याशी खोटं बोललीस, म्हणून मी त्या मुलीवर ओरडले. तेव्हा पोळ्या लाटणाऱ्यांतल्या सगळ्यांत थोरल्या बाईंनी लाटणं बाजूला ठेवलं.

"मॅडम, जागा तुम्ही पसंत केलेली. मोठ्या माणसाला चुकलं म्हणून कोण सांगणार? आम्हीच बोललो तिला, नको सांगू, त्यांना वाईट वाटेल."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझा मान राखायला या बायका रोज पाणी वाहत होत्या. आणि मनात आलं, कारखान्याच्या त्या मागच्या शेडमध्ये कोणी काय काय सोसलं असेल? मी कधी विचारलंच नव्हतं. तगलो, एवढंच लक्षात ठेवलं होतं. बारा जणींसमोर मी म्हटलं, माझं चुकलं. वाक्य छोटं होतं, पण तोंडाला सवय नव्हती.

रडत बसणं माझ्या स्वभावात नाही. दुसऱ्याच दिवशी कल्याणच्या जुन्या गाळेमालकाकडे जाऊन बसले. गाळा अजून रिकामा होता. त्याने आढेवेढे घेतले, पण घासाघीस करण्यात माझा हात कोण धरणार? दुसऱ्या कँटीनच्या मॅनेजरकडे ती आणि मी मिळून गेलो आणि पंधरा दिवसांची मुदत मागून घेतली. तेवढी पुरली. आज कल्याणच्या त्याच गाळ्यात सोळा जणी पोळ्या लाटतात.

आता माझ्याकडे जो कोणी येतो त्याला मी आधी विचारते, माझा कुठला सल्ला चुकला ते सांग, मग चहा. नवी मुलं लाजून हसतात. मी खरंच चहा ओतत नाही.

मागच्या आठवड्यात ती आली. माझ्या डोक्यात शहाडचा एक गाळा होता. भाडं बेताचं, दुसरं केंद्र काढायला उत्तम. मी रंगात येऊन सांगत होते. तिने सगळं ऐकून घेतलं आणि पर्स उचलली.

"मॅडम, आधी नळ उघडून बघते."

मी चहाच्या आधणाखालचा गॅस बंद केला. म्हटलं, थांब, चपला घालते, मीही येते.