अक्षर छान

बावीस वर्षं शाळेत शिकवून झाल्यावर मी सोलापुरात एम.एड.ला बसले. वर्गात सगळेच माझ्यासारखे नोकरी करणारे शिक्षक. पहिल्याच तासाला सर पिवळ्या पडलेल्या वहीतून सावकाश सांगू लागले, "विद्यार्थ्यांना आयतं उतरवून घ्यायला लावू नये." आम्ही माना खाली घालून ते उतरवून घेतलं.

"सर, 'आयतं'च्या पुढं काय?" मागून एका मुख्याध्यापकांनी विचारलं.

मी शंका विचारायला हात वर केला. सर म्हणाले, "आधी लिहून घ्या की बाई, परीक्षेला हेच येतंय."

महिनाअखेरीस वह्या तपासून आल्या. माझ्या वहीवर लाल शाईत एवढाच शेरा होता: 'अक्षर छान.' रस्ताभर मी चडफडत होते. घरी पोचल्यावर तो शेरा आधी नवऱ्याला दाखवला, मग सासूबाईंना.