तोंडात पाणी धरून

जयमालाबाई प्रश्न विचारत आणि उत्तरही स्वतःच देऊन टाकत. बेलापूरच्या फिजिओथेरपी कॉलेजात शरीररचना शिकवताना हेच, आणि घणसोलीच्या घरातही हेच. "अहो, दुधी करू? करते, तुम्हाला आवडतो." सुभाषराव न्हावा शेवा बंदरात कस्टम एजंटकडे नोकरीला, दिवसभर बोलून थकलेले असत; त्यांना ही सोय पटलेली होती.

मुळात बाईंना शांतता सोसत नसे. लेक श्रुती फोनवर पळभर गप्प झाली, तरी त्यांच्या डोळ्यांपुढे थेट अ‍ॅम्ब्युलन्स उभी राहायची. वर्ग गप्प झाला की वाटायचं, आपलंच काहीतरी चुकलं.

पण कॉलेजने शिक्षकांसाठी शिकवण्याचं प्रशिक्षण काढलं. शेवटी सहकाऱ्यांना विद्यार्थी करून बसवायचं आणि त्यांच्यापुढे छोटासा पाठ घ्यायचा. त्यात बाई नापास झाल्या. प्रशिक्षक अरुणा मॅडम म्हणाल्या, "जयमालाताई, तुमच्या वर्गात एकच विद्यार्थिनी हुशार दिसली. तुम्ही!" पुन्हा एकदा संधी होती; तीही हुकली तर बढती गेली. मॅडमनी उपाय सांगितला, "प्रश्न विचारा आणि पाण्याचा घोट तोंडात धरून ठेवा. कुणीतरी बोलेपर्यंत गिळायचा नाही."

बाईंनी सराव घरीच सुरू केला. "अहो, दुधी करू?" आणि घोट. गाल फुगलेले, डोळे वटारलेले.

सुभाषराव दचकून उठले. "काय झालं गं? दाढ दुखतेय?"

"बाबा, ती तुमच्या उत्तराची वाट बघतेय," सुट्टीला घरी आलेली श्रुती म्हणाली; तिला हा सराव ठाऊक होता.

"माझ्या?" सुभाषराव गडबडले. "चालेल की... दुधी चालेल."

पाठाच्या दिवशी बाईंनी विचारलं, "कोपर टेबलावर आपटलं की झिणझिण्या करंगळीकडेच का जातात? अंगठ्याकडे का नाही?" आणि घोट घेतला.

शांतता. पंख्याचा आवाज. बाईंच्या डोळ्यांपुढे बढती दाराबाहेर चालू लागली.

मागच्या बाकावरून डॉक्टर नामदेव उठले. हे हाडांचे मोठे सर्जन. पण विद्यार्थी व्हायला सांगितल्यापासून भलतेच रंगात आले होते. "मॅडम, करंगळी सगळ्यांत धाकटी ना, म्हणून आधी तीच भोकाड पसरते!"

सगळे खो-खो हसले. बाईंचे गाल थरथरले, डोळ्यांत पाणी आलं. पण तोंडातलं जागचं हललं नाही. उत्तर मिळालं होतं, गिळायला हरकत नव्हती. तरी त्या थांबल्या.

मग कोपऱ्यातून नवीन लागलेली उन्नती चाचरत बोलली, "कोपराच्या मागून जी नस अगदी कातडीखालून जाते... ती करंगळीकडे आणि तिच्या शेजारच्या बोटाकडे जाते. अंगठ्याची नस दुसरीकडून जाते, तिला मार बसत नाही." ही मुलगी मीटिंगमध्ये कधी तोंड उघडत नसे.

बाईंनी पाणी गिळलं. "अगदी बरोबर. हे तुला कसं सुचलं?" आणि परत घोट.

अरुणा मॅडमनी हसत हसत पास केलं.

संध्याकाळी बाई तरंगतच घरी आल्या. आता सवयच लागली होती. "अहो, दुधी करू?" आणि घोट.

सुभाषरावांनी पेपर खाली ठेवला. बराच वेळ विचार केला. "जया, खरं सांगू? मला दुधी कधीच आवडला नाही."

नामदेवांपुढे टिकलेलं पाणी फवाऱ्यासारखं सुभाषरावांच्या शर्टावर आलं.